तुटपुंज्या मिळकतीत घर चालवताना: आधी तारखा, मग कात्री

घरखर्चाचं गणित बसवायला बहुतेक लोक शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतात. पगार झाला की वही उघडायची, वरखर्चाच्या दहा गोष्टींवर काट मारायची आणि महिना निभेल असं धरून चालायचं. तिसऱ्या आठवड्यात कुठलंतरी वर्षातून एकदा येणारं बिल दारात उभं राहतं, हातउसने घ्यावे लागतात आणि वही कपाटात जाते. दोष खर्चिकपणाला दिला जातो. खरं तर कात्री लावण्याआधीची तीन कामं झालेलीच नसतात: मिळकतीचा खरा आकडा, वर्षाचे खर्च आणि तारखा. खालचे टप्पे म्हणूनच त्याच क्रमाने करायचे आहेत. पाचवा टप्पा पहिला घेतलात तर गाडी पुन्हा तिथेच अडकेल.

उदाहरणांत महिन्याची मिळकत 100 धरली आहे. तुमची असेल त्या प्रमाणात आकडे बदलून घ्या.

तयारी: बसण्याआधी काय गोळा करायचं

बँकेचं गेल्या बारा महिन्यांचं खातेपत्रक (नसेल तर निदान तीन), मोबाइलवरून केलेल्या पेमेंटची यादी, वीज-पाण्याची बिलं, प्रत्येक कर्जाचा कागद आणि एक साधी वही. अ‍ॅप वापरायलाही हरकत नाही, पण सुरुवातीला वहीच बरी. आकडा हाताने लिहिला की तो नजरेआड होत नाही.

रोख खर्चाचा मागमूस कुठेच नसतो. त्यासाठी आजपासून दोन आठवडे फक्त नोंद ठेवा: तारीख, रक्कम, कशासाठी, कोणी. या काळात काहीही कमी करायचं नाही. नोंद सुरू झाली की माणूस आपोआप शहाण्यासारखा वागू लागतो आणि मग वहीत उतरतो तो शहाणपणाचा खर्च, नेहमीचा नव्हे.

घरात पैसे हाताळणारी जितकी मोठी माणसं आहेत, तितकी सगळी एकत्र बसायला हवीत. एकाने बजेट करायचं आणि दुसऱ्याने ते मोडायचं, ही घराघरांतली जुनी कटकट इथूनच सुरू होते. ज्याला आकडे ठाऊक नाहीत त्याच्याकडून ते पाळण्याची अपेक्षा करणंही अन्यायाचंच.

*चूक:* खर्चाचे तीस-चाळीस रकाने पाडणं. सात-आठ पुरे. वाणसामान, प्रवास, घर, औषधं, शिक्षण, हप्ते, वर्षाचे खर्च, इतर. ‘इतर’ हा रकाना पहिल्या तिनांत आला, तरच तो फोडा.

टप्पा 1: मिळकतीचा आकडा खाली ठेवा

हातात पडणारी रक्कम धरा, कागदावरची नव्हे. मिळकत दर महिन्याला बदलत असेल तर सरासरी काढू नका, गेल्या बारा महिन्यांतला सर्वात कमी महिना घ्या. सरासरीवर बजेट बसवलं तर साधारण निम्म्या महिन्यांत तूट येणार, कारण सरासरीच्या खालचे महिनेही असतातच. एखादा महिना अगदीच कोरा गेला असेल तर सर्वात कमी तीन महिन्यांची सरासरी घ्या. ओव्हरटाइम, बोनस, कोणाकडून येणं असलेले पैसे हे मिळकतीत धरायचे नाहीत. त्यांचं काय करायचं ते टप्पा 7 मध्ये आहे.

आठवड्याला पैसे मिळत असतील तर वर्षाचे 52 आठवडे गुणा आणि मग 12 ने भागा. चारने गुणून महिना काढला तर वर्षाकाठी 48 च आठवडे धरले जातात. मिळकतीत ही चूक फारशी नडत नाही, खर्चात मात्र जबर नडते. 28 दिवसांच्या मुदतीचा मोबाइल प्लॅन वर्षात बारा नव्हे, तेरा वेळा भरावा लागतो.

टप्पा 2: वर्षाचे खर्च बाहेर काढा

सगळ्यात जास्त बजेटं मोडतात ती इथे, म्हणून इथे घाई करू नका.

वहीचं एक पान आडवं धरा आणि बारा महिन्यांचे बारा चौकोन आखा. मग खातेपत्रक घेऊन महिन्याला न येणारा प्रत्येक खर्च त्या त्या चौकोनात टाका: विम्याचा हप्ता, शाळेची फी आणि वह्या-पुस्तकं, वाहनाची दुरुस्ती, घराचा कर, चष्मा, दातांचं काम, चपला-बूट, कार्य-समारंभ आणि त्यासाठीचा प्रवास, घरभाड्याच्या कराराचं नूतनीकरण. ‘हे काय नेहमी नसतं’ असं ज्याबद्दल म्हणावंसं वाटेल, ते सगळं या पानावर आलं पाहिजे. एकेक खर्च नेहमी नसतो हे खरं. पण त्यांतला कुठला ना कुठला दर महिन्याला असतोच.

बेरीज करा, 12 ने भागा. ही रक्कम पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात किंवा वेगळ्या पाकिटात जाते.

*इथे एक खाच आहे.* पहिल्या वर्षी बाराने भागून चालत नाही. समजा वर्षाला 24 चा एक हप्ता आहे आणि तो चार महिन्यांवर आला आहे. बाराने भागलं तर महिन्याला 2 बाजूला पडतील, चार महिन्यांत 8 जमतील आणि 16 कमी पडतील. म्हणून पहिल्या फेरीत उरलेल्या महिन्यांनी भागायचं: महिन्याला 6. तो हप्ता गेला की पुढे 2 पुरे. बाजूला काढायला सुरुवात करूनही ‘तरी पैसे पुरले नाहीत’ म्हणून लोक हा प्रकार सोडून देतात, ते बहुतेक वेळा याच कारणाने.

पहिल्या वर्षाचा हा बोजा झेपत नसेल तर सगळ्या खर्चांसाठी थोडं थोडं काढू नका. जे बिल सर्वात आधी येतंय ते आधी पूर्ण करा, मग पुढचं. जिथे दंड न लागता तिमाही भरणा करता येतो, तिथे तशी सोय मागून घ्या.

*तपासणी:* पान भरल्यावर तीन प्रश्न विचारा. अंगावरचं काय फाटणार आहे? घरातलं कोणतं यंत्र म्हातारं झालंय? कोणाच्या तब्येतीच्या तपासण्या राहिल्यात? उत्तरं पानावर नसतील तर पान अपुरं आहे.

टप्पा 3: महिना तारखांवर बसवा

आता एका महिन्याचं पान घ्या. पैसे येण्याच्या आणि जाण्याच्या तारखा लिहा आणि प्रत्येक नोंदीपुढे उरलेली शिल्लक मांडा. असं:

1 तारीख, मिळकत: 100
1 तारीख, वर्षाच्या खर्चासाठी बाजूला 7: उरले 93
3 तारीख, घरभाडं 32: उरले 61
5 तारीख, कर्जाचा हप्ता 14: उरले 47
10 तारीख, वीज, पाणी, फोन 9: उरले 38

राहिलेल्या 38 मध्ये वाणसामान, प्रवास, औषधं आणि वरखर्च. आठवड्याला 9 लागतात, चार आठवड्यांचे 36, म्हणजे 2 शिल्लक पडायला हवेत. कागदावर महिना छान बसतो. प्रत्यक्षात 31 दिवसांत चार आठवडे आणि वर तीन दिवस असतात. आठवड्याला 9 या दराने 31 दिवसांना जवळजवळ 40 लागतात. हे घर 29 तारखेच्या पुढे कोरडं पडतं. महिनाअखेरीची जी ओढाताण आपण उधळपट्टीच्या माथी मारतो, तिच्यातला चांगला मोठा वाटा हे तीन दिवस खातात.

म्हणून उरलेली रक्कम नेहमी 31 ने भागायची, मग सातने गुणायची. 38 भागिले 31, गुणिले 7, म्हणजे सुमारे 8.5. आठवड्याचा आकडा 9 नव्हे, साडेआठ. महिना 30 किंवा 28 दिवसांचा निघाला तर जे वाचेल ते टप्पा 6 मधल्या शिलकीत टाका.

आता तारखा हलवा. हप्त्याची, फोनची, विम्याची तारीख विनंती केल्यास बऱ्याच ठिकाणी बदलून मिळते. पैसे जमा झाल्यावर दोन-तीन दिवसांत मोठी बिलं निघून जावीत, असं बघा. पगाराच्या तारखेलाच खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता लावू नका. पगार एक दिवस लांबला तर हप्ता परत जातो आणि दंड भरावा लागतो, तोही बहुधा दोन्हीकडे, बँकेला आणि हप्ता घेणाऱ्यालाही.

*तपासणी:* पानावर शिल्लक सर्वात खाली कोणत्या तारखेला जाते, तिच्याभोवती गोल करा. त्या तारखेच्या आधीच्या आठवड्यात कोणतीही ऐच्छिक खरेदी नाही, एवढा एक नियम घरात सगळ्यांनी पाळला तरी बराच फरक पडतो.

टप्पा 4: पुरत नसेल तर आधी कोणाला द्यायचं

बेरीज जमतच नसेल तर क्रम आधीच ठरलेला हवा. ऐन वेळी माणूस सर्वात मोठ्याने ओरडणाऱ्याला पैसे देतो. रोज फोन करणारा वसुलीवाला घरभाड्यापेक्षा महत्त्वाचा नसतो, फक्त चिकट असतो.

क्रम असा: डोक्यावरचं छप्पर, शिधा, चालू औषधं, मग वीज-पाणी आणि कामावर जायचा खर्च, मग तारण ठेवलेलं कर्ज, कारण ते थकलं तर वस्तू किंवा घर जातं, त्यानंतर बिनतारणी कर्जं. नातेवाईक आणि मित्रांचे हातउसने शेवटी येतात, पण त्यांना तारीख सांगून ठेवा. न सांगता लांबवलेले पैसे नातं तोडतात.

हप्ता चुकणार हे दिसत असेल तर चुकण्याआधी सावकाराशी, बँकेशी बोला. मुदत वाढवणं, काही महिने हप्ता कमी करणं असे पर्याय थकबाकी होण्याआधी मिळण्याची शक्यता जास्त असते. जे ठरेल ते लेखी घ्या.

कर्जाबद्दल दोन हिशेब प्रत्येकाने एकदा करून पाहावेत. पहिला क्रेडिट कार्डाच्या ‘किमान देय’ रकमेचा. 100 ची थकबाकी, महिना 3 टक्के व्याज आणि दरमहा एकूण देण्याच्या फक्त 5 टक्के भरणा, असं धरा. नवी खरेदी काहीच केली नाही तरी वर्षभरात तुम्ही 55 च्या आसपास भरता आणि देणं उतरतं ते जेमतेम 23 ने. बाकीचे 32 व्याजात गेले. दुसरा हिशेब ‘सरळ’ व्याजदराचा. मूळ रकमेवर वर्षभर 12 टक्के व्याज लावून बारा समान हप्ते पाडले, तर घटत्या शिलकीच्या, म्हणजे फेडून उरलेल्या मुद्दलावरच व्याज धरण्याच्या हिशेबाने तो दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो, कारण दर महिन्याला मुद्दल फेडत असतानाही व्याज मात्र पूर्ण रकमेवर लागत राहतं. दोन कर्जांची तुलना करताना दोन्हीचा दर घटत्या शिलकीवरचाच विचारा.

फेडीसाठी थोडेफार जादा पैसे हाताशी आले की ते सगळ्या कर्जांवर शिंपडू नका. बाकी सगळ्यांचा ठरलेला हप्ता जाऊ द्या आणि जादा पैसे सर्वात महाग कर्जावर लावा.

*सावधान:* जुनं कर्ज फेडायला नवं घ्यायचं असेल तर दर कमी आहे का आणि एकूण भरणा कमी होतोय का, हे दोन्ही बघा. हप्ता लहान दिसतो तो बहुधा मुदत लांबवल्यामुळे.

टप्पा 5: आता कात्री

कापायचे खर्च दोन जातींचे असतात. एकदा कापले की कापलेले राहतात ते (न वापरलेली वर्गणी, गरजेपेक्षा मोठा प्लॅन, दुसरं वाहन, गरजेपेक्षा मोठं घर) आणि रोज मन मारून कापावे लागतात ते. आधी पहिली जात संपवा. एका फोनमध्ये जे काम होतं त्यासाठी वर्षभर मनाशी झगडण्यात अर्थ नाही. घर बदलणं अवघड असतं हे मान्य. पण भाडं मिळकतीचा निम्मा भाग खात असेल तर बाकी सगळी काटकसर त्या एका आकड्यापुढे टिकत नाही.

विजेच्या बाबतीत लोकांची कात्री हमखास भलतीकडे चालते. एक युनिट म्हणजे 1000 वॅटचं उपकरण एक तास. 2000 वॅटचा पाणी तापवायचा हीटर अर्ध्या तासात एक युनिट खातो. तेवढ्याच विजेवर 75 वॅटचा पंखा तेरा तास चालतो, 9 वॅटचा एलईडी दिवा 111 तास जळतो आणि मोबाइल चाळीस-पन्नास वेळा चार्ज होतो. चार्जर काढला नाही म्हणून मुलांवर खेकसणारी घरं हीटर मात्र तासभर चालू ठेवतात. आधी उष्णता निर्माण करणारी आणि गारवा करणारी उपकरणं बघा: हीटर, इस्त्री, एसी, फ्रिज. फ्रिज आत 4 अंशांच्या आसपास पुरतो, त्याहून गार ठेवून अन्न फार टिकतं असं नाही. दाराच्या रबरात कागद अडकवून ओढा, सहज निसटला तर रबर सैल झालंय.

गळक्या नळाखाली तासभर भांडं ठेवा, जमलेलं पाणी मोजा, 24 ने गुणा. आकडा समोर आला की वॉशर बदलण्याचा आळस जातो.

*हे कापू नका:* चालू औषधं, आजारपणाचा विमा, वाहनाचे ब्रेक आणि टायर, घरातल्या गळतीची दुरुस्ती. यांत आज वाचलेलं पुढे दामदुपटीने जातं.

दर महिन्याला प्रत्येक मोठ्या माणसाला थोडी रक्कम अशी द्या, जिचा हिशेब कोणी विचारणार नाही. अगदी किरकोळ असली तरी चालेल. ही नसली की चोरून खर्च सुरू होतो, आणि चोरून केलेला खर्च वहीत येत नाही.

टप्पा 6: खरेदी आणि पहिली शिल्लक

आठवड्याची रक्कम ठरलेल्या वारी एकदाच काढा. तो वार शुक्रवार-शनिवार नसावा. सुट्टीच्या तोंडावर हातात आलेले पैसे सोमवारपर्यंत अर्धे होतात.

बाजारात जाण्याआधी यादी करायची ती आधी फडताळ उघडून. घरात काय आहे, काय संपायला आलंय, कशाची मुदत जवळ आलीय हे बघून आठवड्याचा स्वयंपाक ठरवा आणि त्यात जे कमी पडतंय तेवढंच यादीत घ्या. उलट क्रमाने, म्हणजे आधी खरेदी आणि मग काय करायचं ते ठरवणं, यात वाया जाणारं अन्न वाढतं.

दुकानात पाकिटावरची किंमत नव्हे, किलोचा किंवा लिटरचा भाव बघा. मोठं पाकीट दरवेळी स्वस्त असतंच असं नाही. असलं तरी पुढचा हिशेब करा: भावात 20 टक्के स्वस्त असलेल्या पाकिटातला पाचवा भाग खराब होऊन टाकला, तर वापरलेल्या मालाचा भाव लहान पाकिटाइतकाच पडला. शिवाय पैसे अडकले ते वेगळंच. हात आखडता असताना एका महिन्यात एकच वस्तू घाऊक घ्या, तीही न नासणारी आणि घरात नक्की खपणारी. ‘दोनावर एक मोफत’ ही सवलत तीन हवे असणाऱ्यालाच असते.

शिजवलेलं उरलं तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे, कडक उन्हाळ्यात एका तासात. वाचवायला म्हणून बाहेर ठेवलेलं अन्न खाऊन डॉक्टरची पायरी चढणं परवडत नाही.

शिलकीचं पहिलं लक्ष्य एका आठवड्याचा खर्च एवढंच ठेवा. सहा महिन्यांची गंगाजळी वगैरे सल्ले योग्य आहेत, पण ज्याची तोंडमिळवणीच होत नाही त्याला ते ऐकून हातपाय गळतात. एका आठवड्याची रक्कम जमेपर्यंत कोणत्याही कर्जाची जादा फेड करू नका. ती नसेल तर पुढची किरकोळ अडचण पुन्हा महाग उधारीतच नेते. हे पैसे सहज काढता येतील पण रोजच्या कार्डाला जोडलेले नसतील, अशा जागी ठेवा. गुंतवणूक वगैरे इथे नको.

टप्पा 7: दर आठवड्याला पंधरा मिनिटं

ठरलेल्या वारी तीन आकडे बघा: आठवड्याच्या रकमेतलं किती उरलं, पुढच्या दहा दिवसांत कोणतं बिल आहे, वर्षाच्या खर्चाच्या पाकिटात किती आहे. भांडण सुरू झालं तर थांबा, दुसऱ्या दिवशी बसा.

एखाद्या रकान्यात जास्त गेले तर त्याच महिन्यातल्या दुसऱ्या रकान्यातून भरून काढा. ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हटलं की पुढचा महिना तुटीनेच सुरू होतो. तोच रकाना सलग तीन महिने फुटत असेल तर आकडा चुकीचा आहे, माणसं नव्हेत. आकडा वाढवा आणि दुसरीकडे कमी करा. एका वेळी एकच आकडा बदला, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळणार नाही.

ओव्हरटाइम, बोनस, परत आलेली उधारी यांची वाटणी पैसे येण्याआधी ठरवा आणि वहीत लिहा. मला पटलेली वाटणी: निम्मे वर्षाच्या खर्चाच्या पाकिटात, तीन दशांश महाग कर्जावर, उरलेले दोन दशांश घराने खुशाल खर्च करावेत. पाकीट पुरेसं भरलेलं असेल तर त्याचा वाटा शिलकीत.

तीन महिन्यांनंतर एक बेरीज

घर, शिधा, औषधं, वीज-पाणी आणि कामावर जाण्याचा खर्च, फक्त एवढ्यांची बेरीज करा. ती टप्पा 1 मधल्या आकड्यापेक्षा जास्त येत असेल तर कात्री चालवणं थांबवा. तिथे काटकसरीला वावच उरलेला नाही, आणि अजून कापत गेलात तर जेवण आणि औषधं कापली जातील. आता काम आहे ते स्वस्त घर शोधण्याचं, कर्जाची फेररचना करून घेण्याचं, मिळकत वाढवण्याचं किंवा हक्काची मदत मागण्याचं. बँकेत, घरमालकाकडे किंवा मदत देणाऱ्या कार्यालयात जाताना टप्पा 2 आणि 3 ची दोन पानं बरोबर न्या. समोरच्याचा पहिला प्रश्न ‘महिन्याला किती जमेल?’ हाच असतो.